तेरच्या पांढरीत काळयंत्र नाही, तिथे खड्डे पाडू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी तेरची. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तेरणेच्या काठचं, गोरोबाकाकांचं. जन्म कुंभाराच्या घरातला. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा गावात येऊन राहिले. वर्तमानपत्राला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. सातवीत आहे. मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आज्जी, बघ, आपल्या तेरचं आलंय." एका माणसानं गंभीर आवाजात सांगितलेली चार मिनिटांची गोष्ट होती. इटलीतल्या पाँपेई नावाच्या शहरावर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीची राख पडली, शहर गाडलं गेलं. त्या राखेखाली हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली. आणि तशीच बाई हजारो मैलांवरच्या तेरमध्येही सापडली. एकच बाई दोन ठिकाणी कशी? मग पाण्यावर तरंगणारी तेरची वीट दाखवली, पुराणातल्या रेवतीची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हटलं की तेरच्या जमिनीखाली काळातून ये-जा करायचं एक दार आहे, प्राचीन लोक ते वापरत, आणि ते अजून तिथेच आहे.

नुसती करमणूक असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण अमावास्येनंतर दोन दिवसांनी गावाबाहेरच्या एका टेकाडावर तीन ताजे खड्डे दिसले. एक कमरेएवढा खोल. शेजारी लिंबू, कुंकू आणि पाण्याची रिकामी बाटली. खड्ड्याच्या कडेला जुन्या भांड्यांची खापरं फावड्यानं फुटून पडली होती. तुटलेली कड पांढुरकी, ताजी दिसत होती. मी ती हातात घेतली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दोन हजार वर्षं मातीत नीट राहिलेलं भांडं एका रात्रीत चुरा झालं होतं. गुप्तधनासाठी खोदणारे पूर्वीही होते, पण आता त्यांना 'दार' शोधायचं आहे.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. जुनं गाव जिथे वसलं, मोडलं, त्यावर पुन्हा वसलं, त्या उंचवट्याची माती राखेनं, शेणामातीच्या भिंतींनी पांढुरकी होते. तिला आम्ही पांढर म्हणतो. शेताची ती काळी, गावाची ती पांढरी. तेरच्या भोवती अशी टेकाडं आहेत. माझी आज्जी म्हणायची की तिथलं गाव पालथं झालंय, घरं खाली तोंड करून आहेत, म्हणून रात्री तिथे कान लावला तर जात्याची घरघर ऐकू येते. आम्ही पोरं खरोखर कान लावायचो. पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर मणी, खापरं, कधी मातीच्या बाहुलीचं डोकं वर यायचं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, जपल्या, आणि आज त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय गावात उभं आहे.

आता विटेबद्दल, कारण तिच्याविषयी मला हातानं माहीत आहे.

तेरच्या काही जुन्या विटा पाण्यात टाकल्या तर तरंगतात, हे खरं आहे. मी नववीत असताना शाळेतल्या गुरुजींनी ती दाखवली आणि मी घरी येऊन वडिलांना विचारलं. ते चाकावर होते. हात न थांबवता म्हणाले, "तूस घातलं आसंल." आठ दिवसांनी एका गिरणीतून ते साळीचं तूस घेऊन आले. तळ्याच्या काठची गाळाची माती चाळली, तिच्यात तूस कालवलं, तुडवलं, चार विटा थापल्या, सावलीत वाळवल्या आणि मडक्यांच्या आव्यात एका कडेला लावल्या. भाजताना तूस जळून जातं आणि त्याच्या जागी मातीत बारीक पोकळ्या राहतात. एक वीट आव्यातच भुगा झाली, दोन तडकल्या. चौथी हातात घेतली तर भाकरीसारखी हलकी. हौदात सोडली, तरंगली. आईसुद्धा चूल सोडून बघायला आली. पण थोड्या वेळानं विटेनं पाणी प्यायलं आणि ती हळूहळू तळाला गेली.

वडील बराच वेळ हौदाशी उभे होते. म्हणाले, "त्यांची बुडत न्हाई. भोकं आतल्या आत मिटलेली ऱ्हायला पायजेत. आच किती द्यायची ते त्यांना ठावं होतं." पुढे त्यांनी तीन-चार वेळा करून पाहिलं. जुन्या विटेइतकी त्यांची कधी जमली नाही. पण त्यातून त्यांना एवढं नक्की कळलं की ती वीट करणारा आपल्यासारखाच चिखल तुडवणारा होता, फक्त हात जास्त बसलेला होता. व्हिडिओतला माणूस म्हणतो, हे तंत्रज्ञान त्या काळातलं असूच शकत नाही. मला हे त्या कारागिरावर अन्याय करणारं वाटतं. आमच्याच तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा मागचा विटांचा भाग पाहा, हत्तीच्या पाठीसारखा गोल. मुळात तो बौद्धांचा चैत्य, आणि महाराष्ट्रात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधकामांत त्याची गणना होते. जी माणसं ही भिंत उभारू शकली, त्यांना विटेत तूस घालायचं सुचायला भविष्यातून कोणी यायला हवं होतं का?

संग्रहालयातल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्याही अशाच. मी पोरांना नेहमी त्यांच्या कडा बघायला सांगते. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, आणि मग दोन्ही ओले असताना जोडलेले. कडेनं बारीक शिवण दिसते. ही दोन साच्यांची पद्धत काही अभ्यासक रोमन कारागिरीशी जोडतात. शिवण बोटानं पुसून घेतलेली असते आणि कुठेतरी घाई झाली की तशीच राहते. वडीलही पोळ्याचे बैल करताना संध्याकाळ झाली की शिवण तशीच सोडायचे.

बाहुलीचं मात्र इतकं सोपं नाही.

पाँपेईची मूर्ती १९३८ साली आमेदेओ मायुरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाला एका घराच्या उत्खननात मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. उंची सुमारे २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त. अंगावर वस्त्र नाही, पण दागिने भरपूर: हातभर बांगड्या, कमरेला मेखला, पायांत जड वाळे. दोन्ही बाजूंना छोट्या दासी, शृंगाराचं सामान घेतलेल्या. डोक्यात वरून भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय असावी असं मानतात. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच जण यक्षी म्हणतात. तेरला सापडलेली हस्तिदंताची बाई तिच्याहून लहान आहे, पण उभं राहण्याची ढब, दागिने यांत घराणं एकच वाटतं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही १९७३ च्या उत्खननात अशीच एक मूर्ती मिळाली, तुटलेली. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत तिथल्या लोकांची नावं कोरलेली आहेत.

तेव्हा कोडं आहेच. पण ते सोडवायला आधी वाट शोधावी. दार शोधण्याची घाई का?

वाट तर लिहून ठेवलेली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराचं टिपण केलं. 'पेरिप्लस' म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यात बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदर आहे, तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' आहे. तगर म्हणजे आमचं तेर. तगरहून साधं कापड, मलमल गाड्यांत भरून भडोचला जाई, असं तो लिहितो. भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालात हस्तिदंतही सांगतो. माझे वडील बैलगाडीत पेंढा घालून त्यात मडकी रचून बाजाराला न्यायचे, त्यामुळे 'गाड्यांत भरून' हे शब्द वाचले की मला चाकांचा आवाज येतो. तीस दिवस गाडी. मार्गशीर्ष-पौषात वारा फिरला की भडोचहून जहाज सुटायचं, ते इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी लागायचं. तिथून उंटावरून वाळवंट, नाईल नदीतून अलेक्झांड्रिया, पुन्हा जहाज, आणि नेपल्सच्या आखातातलं पुतेओली बंदर. पाँपेई त्याच आखातात आहे. तिकडून येणारी जहाजं आषाढात निघायची. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. हाच प्लिनी पाँपेई गाडलं गेलं त्याच उद्रेकात वारला.

माल उलटाही यायचा. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती सापडली. टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन बघावी. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्री ओलांडून तो देव आला तो कोणाच्या तरी गाठोड्यातून आला.

इथवर सगळं खणखणीत वाजतं. आमच्या गावची गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिलं, कोण भाजलेलं मडकं आणि कोण कच्चं, आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. कुंभाराला मडकं डोळ्यांनी कळत नाही, आवाजानं कळतं. चांगलं भाजलेलं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. या बाहुलीच्या गोष्टीवर असंच एकेक ठिकाणी थापटून पाहिलं. काळ जुळतो. वाट जुळते. रूप जुळतं. आणि मग एक जागा बद्द वाजते.

पाँपेईच्या मूर्तीच्या तळाला एक अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी लिपीतलं 'शि'. खरोष्ठी ही गांधाराकडची, वायव्येची लिपी. आमच्याकडे सातवाहनांच्या काळात ब्राह्मी होती. नाणेघाटात नागनिका राणीचा लेख आहे तो ब्राह्मीत. अफगाणिस्तानात बेग्रामला १९३७ ते १९३९ दरम्यान कोरीव हस्तिदंताचा मोठा साठा मिळाला, त्यातल्या बायकांशीही या मूर्तीचं नातं लावतात. कोणी तिला मथुरेची म्हणतं, कोणी भोकरदनची, कोणी तेरची. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी तर सांचीच्या तोरणावर दगडात काम केल्याचा लेखच आहे, म्हणजे असे कारागीर एका गावापुरते नव्हते.

हे मी गावात बोलले तेव्हा दोन-तीन जण नाराज झाले. "मॅडम, आपलीच बाई आहे म्हणून सांगायचं सोडून तुम्ही शंका काय काढता?" मलाही ती तेरची असावी असं फार वाटतं. पण काळाच्या दाराची गोष्ट खोटी म्हणायची आणि आपल्या सोयीची गोष्ट न थापटता खरी म्हणायची, हे मला जमणार नाही. ती तेरला घडली असेल आणि भडोचला तिच्यावर कोणी खूण कोरली असेल. किंवा ती उत्तरेत घडली असेल आणि तसा नमुना पाहून आमच्याकडे छोटी केली असेल. दोन्ही शक्य आहे.

रेवतीच्या गोष्टीचं मात्र मला वाईट वाटलं, कारण ती माझ्या आज्जीची आवडती गोष्ट. भागवतात आहे. राजा ककुद्मी आपल्या लेकीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चाललं होतं. राजा जरा थांबला. गाणं संपल्यावर त्यानं मनातली नावं सांगितली तर ब्रह्मदेव हसले. म्हणाले, तू इथे थांबलास तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं गेली. तू ज्यांची नावं घेतोस ते गेले, त्यांचे लेक-नातू गेले, त्यांच्या गोत्रांची नावंही आता ऐकू येत नाहीत. मग रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. ती जुन्या युगातली, म्हणून फार उंच. विष्णुपुराणात पुढे असं आहे की बलरामानं नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून आपल्याएवढी केली.

आज्जी ही गोष्ट जात्यावर सांगायची, आणि नांगराशी आली की हमखास थांबायची. म्हणायची, "आगं, तिला कुणी इचारलं का, तुझ्या मैतरणी गेल्या, आता तुला कसं वाटतंय?" आज्जीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. माहेर तिनं नंतर दोनदाच पाहिलं. तिला त्या गोष्टीत यंत्र दिसत नव्हतं, परत आल्यावर ओळखीचं कोणी न उरलेली मुलगी दिसत होती. व्हिडिओवाल्यानं आइन्स्टाईनचं नाव घेऊन या गोष्टीचं 'पुरावा क्रमांक तीन' करून टाकलं.

नातवाला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. आधी त्याला संग्रहालयात नेलं. मग घरी कागदावर वजाबाकी करायला लावली. १९३८ वजा ७९. एक हजार आठशे एकोणसाठ. एवढी वर्षं ती बाई राखेत होती. बाहेर आली तेव्हा तिला घडवणारे, तिला गाडीत भरणारे, तिला विकत घेणारी पाँपेईतली बाई, कोणी नव्हतं. त्यांच्या गोत्रांची नावंही आपल्याला ऐकू येत नाहीत. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे रेवतीसारखंच की."

महोदय, माझ्या काही विनंत्या आहेत, त्या छापाव्यात.

पांढरीवर खोदू नका. खापर जिथे ज्या थरात असतं त्यावरून त्याचं वय कळतं. खड्ड्यातून उपसून बाहेर टाकलेलं खापर मुकं होतं, मग ते कुठल्याही संग्रहालयात ठेवा. कोणाला नांगरताना, पाया खणताना काही मिळालं तर १८७८ सालचा निखात निधी कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं तर शेत जाईल अशी भीती लोकांना असते. ती भीती घालवायला तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी गावात येऊन, पारावर बसून समजावून सांगावं. फक्त फलक लावून ते होणार नाही. आणि खतासाठी म्हणून पांढरीची माती ट्रॅक्टरनं उचलणं तर ताबडतोब थांबायला हवं. दोन रात्रीच्या खड्ड्यांनी होतं त्याच्या शंभरपट नुकसान त्या ट्रॉल्यांनी होतं, आणि ते आपल्याच माणसांकडून दिवसाढवळ्या होतं.

दुसरं शिक्षकांना. मुलांनी असा व्हिडिओ दाखवला तर "काहीतरीच" म्हणून मोबाइल काढून घेऊ नका. त्या मुलाला पडलेला प्रश्न चांगला आहे. तेवढाच प्रश्न मायुरींनाही पडला असणार. त्याला नकाशावर तेर, पैठण, भडोच, अलेक्झांड्रिया, पुतेओली अशा टिकल्या लावायला सांगा आणि वाऱ्याचे महिने लिहायला सांगा. पैठणच्या, भोकरदनच्या, जुन्नरच्या शाळांना तर हे घरचंच आहे. सहल काढायची तर मोठ्या बागेत कशाला, तेरला आणा. मी संग्रहालयाच्या दाराशी येऊन उभी राहीन, शिवण कुठे बघायची ते दाखवीन. वीट कशी भाजतात तेही सांगेन. वडिलांचं चाक अजून आमच्या पडवीत आहे.

जाताना नातवानं माझ्या जुन्या हजेरीवहीचं एक कोरं पान मागून घेतलं होतं. त्यावर त्यानं 'शि' लिहून खाली यादी केली आहे: शिल्पी, शिवा, शिरी, शिंपला, शिवदत्त, शिल्लक. शिरी म्हणजे प्राकृतात श्री, हे मी सांगितलं तर त्याला चौकट केली. काल फोनवर विचारत होता, त्या काळी कारागीर सगळं नाव का लिहीत नसत, की पुढची अक्षरं दुसऱ्या तुकड्यांवर होती? ते तुकडे कुठे असतील?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
तेर, जि. धाराशिव